सूचनायंत्राचे त्रेसष्ट फोन

पन्नाशी उलटलेल्या माणसाने काय काय करू नये, याची एक यादी माझ्या बायकोला तोंडपाठ आहे. शिडीवर चढू नये, केसांना रंग लावू नये, शेजाऱ्यांसमोर गाऊ नये, असं बरंच काही तीत आहे. ‘विज्ञान-साहसाची श्रुतिका लिहू नये’ हे कलम मात्र तीत नव्हतं. ते माझ्यामुळे आलं. आज मी हे लिहितोय ते कुणाची तक्रार करायला नव्हे. उलट, या प्रकरणात ज्यांनी ज्यांनी मला सांभाळून घेतलं त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे, आणि ती माणसं इतकी आहेत की तोंडी आभार मानायला निघालो तर नोकरी सोडावी लागेल.

झालं असं की आमच्या रेडिओ केंद्राने पंधरा मिनिटांच्या श्रुतिकांची स्पर्धा जाहीर केली. मी पाणीपुरवठा कार्यालयात अठ्ठावीस वर्षं जुन्या कागदांच्या खोलीत बसतो. ऑफिसात मला नावाने कुणी ओळखत नाही, सगळे ‘दप्तर’ म्हणतात. ‘दप्तर आलं का?’ ‘दप्तर जेवायला गेलं.’ अशा माणसाला जुन्या वस्तूंबद्दल काही विचार सुचले तर नवल नाही. मला सुचलं ते असं : आपण अडगळीत टाकलेल्या यंत्रांमध्ये, टेपच्या त्या तपकिरी फितीमध्ये, एक दुष्ट शक्ती दबा धरून बसली आहे. माणसं नव्या यंत्रांच्या नादात असताना ती एक दिवस जागी होते. तिचं नाव चुंबकासुर.

कल्पना ऐकून बायको म्हणाली, “अहो, छान आहे. पण असुराचं काम कोण करणार?”

मी नुसता खाकरलो. तेवढ्यावरून तिने ओळखलं.

“म्हणून दाखवा बरं.”

मी छाती फुगवून म्हणालो, “मनुष्यांनो, मदत येणार नाही!”

तिने भाजी चिरायची थांबवली, नीट विचार केला आणि म्हणाली, “तुमचा आवाज धमकीचा नाही हो. विनंतीचा आहे.”

अठ्ठावीस वर्षं ‘साहेब, फाईल सापडत नाही’ हेच वाक्य म्हटल्यावर आवाजाचं दुसरं काय होणार? पण मला लागायचं ते लागलं. मी दोन दिवस घरात मोठ्याने बोललो नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, हे आणखी लागलं.

आवाज सापडला तो तळमजल्यावर. तिथे शिलाईचं दुकान चालवणाऱ्या वहिनी राहतात. दिवसभर मशीनच्या खडखडाटावर बोलून बोलून त्यांचा आवाज असा तयार झालाय की त्यांनी ‘बाही सैल करू का?’ विचारलं तरी गिऱ्हाईक चुकी कबूल केल्यासारखं मान हलवतं. मी त्यांना श्रुतिकेचं सांगितलं.

“भाऊजी, मला काय घालावं लागेल?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. नुसता आवाज. दिसायचं नाही.”

“मग रविवारी येते. पण पुरुषासारखं ‘झालो, आलो’ मी म्हणणार नाही. सांगून ठेवते.”

म्हणून चुंबकासुराची चुंबकी झाली. बायकोने एका दुपारी बसून संहितेतली सगळी क्रियापदं बदलली, आणि बदलता बदलता माझी अकरा विशेषणंही काढून टाकली. विचारलं तर म्हणाली, “तीही पुरुषी वाटत होती.”

आता राहिला यंत्राचा आवाज. त्या बाबतीत आमच्या समोरच्या काकांनी पुढाकार घेतला. काका बँकेतून निवृत्त झालेत. बँकेत त्यांनी काय काम केलं ते ठाऊक नाही, पण निवृत्तीनंतर ते सल्ला देण्याचं काम पूर्ण वेळ करतात. ते म्हणाले, “तोंडाने खरखर काढशील तर लोक हसतील. खरं यंत्र आण. जुनं, लोखंडी, तोंड वाकडं करून सुरू होणारं.”

असं यंत्र मला माहीत होतं. आमच्या ऑफिसच्या भांडारात मोडक्या खुर्च्यांखाली एक ‘स्वयंचलित सूचनायंत्र’ पडलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ते मोठ्या थाटात आलं. उद्या पाणी येणार नाही, हे लोकांना घरोघरी फोन करून कळवायचं, हे त्याचं काम. प्रवासी पेटीएवढं धूड. डावीकडच्या खाचेत निरोपाची कॅसेट, उजवीकडच्या खाचेत लोकांचं उत्तर टिपून घ्यायची कॅसेट, मधे कागदाची अरुंद पट्टी आणि मागे टेलिफोनच्या वायरची शेपटी. सहा-आठ महिने चाललं. मग मोबाइल आले आणि लोकांना पाणी येणार नाही हे नळ सोडल्यावरच कळू लागलं.

भांडारपालाने मला छापील अर्ज दिला. त्यात ‘प्रयोजन’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘आवाज.’

“दप्तर, आवाज हे प्रयोजन होत नाही,” तो म्हणाला. “पाहणी लिहा. दुरुस्तीची शक्यता पाहणे.”

“पण मला दुरुस्त करायचं नाही.”

“मग शक्यता नाही असं पाहून परत आणा. वस्तूची स्थिती काय लिहू? नादुरुस्त. सही करा.”

मी सही केली. भांडारपालाचे मी इथे मनापासून आभार मानतो. त्याने हमालाचं काम स्वतः अंगावर घेऊन ते धूड रिक्षेपर्यंत आणलं, आणि वाटेत तीनदा सांगितलं की त्याची कंबर माझ्यामुळे गेली.

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. यंत्र टेबलावर. मी वीज जोडली. लाल दिवा लागला आणि यंत्र ढिम्म. खाली बारीक अक्षरं होती, ‘लाइन नाही.’

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “त्याला टेलिफोनची लाइन दिसल्याशिवाय ते हलायचं नाही. माझ्याकडे आहे ना. घे माझी लाइन.”

संपूर्ण इमारतीत घरचा फोन आता एकट्या काकांकडे आहे. मोबाइलवर त्यांचा विश्वास नाही. त्यांच्या दारातून आमच्या दारात वायर ओढली. दिवा हिरवा झाला आणि दुसरा लाल लागला, ‘उत्तराची कॅसेट नाही.’ काका पुन्हा घरी गेले आणि एक कॅसेट घेऊन आले. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘निरोप समारंभ. माझे भाषण.’

“काका, यावर काही टेप झालं तर?”

“काही होत नाही. नुसती खाच भरायला आहे.”

डावीकडच्या निरोपाच्या कॅसेटवर वहिनींनी आवाज टेप केला. त्यांनी पदर खोचला, माइकच्या भोकांजवळ तोंड नेलं आणि एका दमात म्हणाल्या :

“मी चुंबकी. मी जागी झाले आहे. इतकी वर्षं तुमच्या घरात एका कोपऱ्यात गप्प बसले. तुम्ही मला अडगळ समजलात. आजपासून या घरावर माझी सत्ता. पळू नका. हाका मारू नका. मदत येणार नाही.”

खरं सांगतो, अंगावर काटा आला. बायको सुद्धा एक पाऊल मागे सरली. मी ‘ऐकवा’ लिहिलेलं बटण दाबलं, तर तोच आवाज यंत्रातून असा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आला की मला बक्षीस समारंभात कोणता शर्ट घालायचा हे दिसायला लागलं.

मग मी हिरवं बटण दाबलं. हेतू एवढाच, की यंत्राची चाकं फिरावीत आणि मला घरघर मिळावी. यंत्र ‘कर्रर्र’ म्हणालं. मग ‘टक्, टक्, टक्.’ मग ‘खट्.’ मग थोडं शांत. मग पुन्हा ‘कर्रर्र.’

“हे काय करतंय?” बायकोने विचारलं.

“तापतंय,” काका अधिकाराने म्हणाले. “जुन्या यंत्रांना वेळ द्यावा लागतो. दोन-तीन तास. दार लावून घ्या, तोवर वारा लागू देऊ नका.”

मी माझा मोबाइल आवाज टिपायला यंत्राशेजारी ठेवला आणि दार लावून घेतलं. वहिनी दुकानात गेल्या. आम्ही काकांकडे चहाला गेलो. मधूनमधून दाराला कान लावून मी ऐकत होतो. कर्रर्र, टक्, टक्, खट्. यंत्र मन लावून तापत होतं.

साडेबाराला वहिनी धावत वर आल्या. गळ्यात माप घ्यायची फीत, हातात कातरी.

“भाऊजी, माझ्या सासूबाईंना फोन आला.”

“बरं. कुणाचा?”

“माझा.”

वहिनींच्या सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे थोरल्या मुलाकडे राहतात. त्यांचा निरोप घेऊन पुतणी आली होती. मी खोलीचं दार उघडलं. यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून जमिनीवर वेटोळी घालून पडली होती. त्यावर फोन नंबर होते. प्रत्येकासमोर वेळ, आणि कुणी फोन उचलला असेल तिथे फुली.

यंत्राच्या पोटात नखाएवढ्या चिपवर आमच्या भागातले पंचवीस वर्षांपूर्वीचे सगळे नंबर होते, आणि ते कामाला लागलं होतं. दोनशेहून जास्त नंबर त्याने फिरवले. बहुतेक केव्हाच बंद पडलेले. पण ज्यांनी समोरच्या काकांसारखा घरचा फोन जपला होता, अशा त्रेसष्ट घरांत चुंबकी पोचली होती.

काकांनी वायर उपटली. तेवढ्यात मोबाइल वाजला. आमचे साहेब.

“दप्तर, आपल्या ऑफिसात चुंबकी नावाची कुणी बाई आहे का?”

“नाही साहेब,” मी म्हणालो. अक्षरशः खरं होतं ते.

“मला सात फोन आलेत. आपल्या ऑफिसकडून लोकांना धमक्या जातायत.”

“आपल्या ऑफिसकडून कशा साहेब?”

“प्रत्येक फोनच्या सुरुवातीला म्हणते म्हणे, ‘पाणीपुरवठा कार्यालयाकडून सूचना.’ मग म्हणते, मदत येणार नाही.”

ते वाक्य यंत्राच्या पोटात मुळातच होतं. ‘ऐकवा’ दाबलं की ते वाजत नसे, फोन लागला की वाजे. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, हे पाणीपुरवठ्यात इतकी वर्षं काढून मला त्या दिवशी कळलं. मी ‘चौकशी करतो’ असं म्हणून फोन ठेवला.

पुढचं सुचलं ते बायकोला. “नंबर आहेत ना? आणि लोक काय बोलले तेही त्या कॅसेटवर आहे. एकेक ऐकू, आणि प्रत्येकाला फोन करून माफी मागू. मीही मागते. चला, वही घ्या.”

हे ती चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली. तिचे आभार मी कशात मोजू?

कॅसेट मागे फिरवली. काकांचं निरोपाचं भाषण कायमचं गेलं होतं. काकांनी एकदाच डोळे मिटले आणि म्हणाले, “लांबलंच होतं जरा.”

उत्तरं सुरू झाली. प्रत्येकाला यंत्राने अर्धं मिनिट दिलं होतं. एक गृहस्थ म्हणाले, “मदत येणार नाही हे माहीत आहे हो, पाणी कधी येणार ते बोला.” एक आजीबाई म्हणाल्या, “झालीस का जागी? बरं झालं. आता काहीतरी खाऊन घे.” कुणीतरी रिटायर्ड मास्तर असावेत, त्यांनी ‘आजपासून या घरावर माझी सत्ता’ या वाक्याला क्रियापद नसल्याचं दाखवून दिलं. मी बायकोकडे पाहिलं. तिने वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. एकाने चुंबकी म्हणजे बदली होऊन आलेल्या नव्या अधिकारी असाव्यात अशा समजुतीने त्यांचं स्वागत केलं. आणि वहिनींच्या सासूबाई, अगदी थंड आवाजात : “या घरावर तुझी सत्ता आहे हे मला तुझ्या लग्नापासून माहीत आहे. फोन करायची गरज नव्हती.”

वहिनींनी कातरी टेबलावर ठेवली. आम्ही कुणीच हसलो नाही. म्हणजे, आवाज होईल असं हसलो नाही.

एक्केचाळिसावं उत्तर आलं तेव्हा आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक म्हातारा, पण स्वच्छ, एकेक शब्द सुटा म्हणणारा बायकी आवाज.

“ऐका. तुम्ही कोण आहात ते नंतर पाहू. मी पडले आहे. पाय हलत नाही. सकाळी सहापासून इथे आहे. फोन भिंतीवर आहे, मी झाडूने रिसीव्हर खाली पाडलाय, पण नंबर फिरवायला हात पोचत नाही. दाराला आतून कडी आहे. मी लाइन सोडत नाही. पत्ता लिहून घ्या—”

टुंक. अर्धं मिनिट संपलं. पुढचं उत्तर सुरू झालं.

पट्टीवर वेळ होती दहा पंचावन्न. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

काकांनी त्यांची लाइन परत जोडून तो नंबर फिरवला. सतत गुंतलेला. टेलिफोन ऑफिसला फोन केला, तर ड्यूटीवरच्या माणसाने नम्रपणे सांगितलं की नंबरावरून पत्ता देता येत नाही, उद्या लेखी अर्ज करा. काकांसारख्या शांत माणसाने त्याला काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. मग पोलीस चौकीला फोन केला. मी म्हणालो, “मी पाणीपुरवठ्यातून बोलतोय.”

पलीकडून हवालदार म्हणाले, “अरे वा. चुंबकीबद्दल अकरा तक्रारी आल्यात. तुम्हीच का ते?”

“मीच,” मी म्हणालो. “मला नंतर अटक करा. एक बाई घरात पडल्यात. पत्ता माझ्या ऑफिसात आहे, जुन्या कार्डांवर. तिथे या.”

आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज विनंतीचा आला नाही. बायकोनेही वळून पाहिलं.

कार्डांवर पत्ता होता हे मला माहीत होतं, कारण यंत्रात नंबर भरले गेले ते त्या कार्डांवरूनच, गल्लीच्या क्रमाने. ती कार्डं रद्दीत घालायचा ठराव तीनदा झाला होता. संगणकात आता नवेच नंबर होते. पण कार्डांच्या खोलीची किल्ली रविवारी साहेबांच्या घरी असते. मी साहेबांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. स्पर्धा, असुर, वहिनी, काकांची लाइन, सगळं.

मग साहेब म्हणाले, “दप्तर, मी निघालो. फाटकाशी उभे राहा.”

ते आले ते घरच्या चपलांत, शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. आम्ही रिक्षेने पोचलो तेव्हा त्यांनी कुलूप उघडून दिवे लावले होते. चाळिसावं उत्तर देणाऱ्याने रागारागात आपला पत्ता सांगितला होता, दवाखान्याच्या गल्लीत. म्हणून मी थेट त्या गल्लीचा खण ओढला. लोक म्हणतात दप्तराचं काम धुळीचं. असेल. पण त्या दिवशी माझी बोटं कार्डांवरून अशी फिरली, की साहेब माझ्या खांद्यावरून वाकून पाहत राहिले. सतरावं कार्ड. तोच नंबर. दुसरा मजला, मागची बाजू, जोडणी अर्धा इंच.

हवालदार सायकलवरून आले होते, आमच्याबरोबर पायीच पळाले. वहिनी सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या मजल्यावर दार आतून बंद. हवालदारांनी खांदा लावला, दार हललं नाही, खांदा हलला. वहिनींनी दाराशेजारच्या खिडकीशी तोंड नेलं आणि ओरडल्या, “आजी! घाबरू नका! आलो आम्ही!”

आतून क्षीण पण स्पष्ट आवाज आला, “चुंबकी का? ये बाई. उशीर केलास.”

खिडकीला डासांची जाळी होती. वहिनींनी निघताना टेबलावरून उचललेली शिलाईची मोठी कातरी काढली, जाळी तीन बाजूंनी अशी सरळ कापली की जणू खडूने रेघ मारली होती, आत दंडापर्यंत हात घातला, जिभेचं टोक दातात धरलं आणि कडी वर उचलली.

आजी स्वयंपाकघरात फरशीवर होत्या. अंगावर ओढून घेतलेलं पोतेरं, शेजारी झाडू, आणि भिंतीवरून वायरने लोंबणारा रिसीव्हर छातीशी. बायकोने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. साहेबांनी रुग्णवाहिकेला फोन केला आणि जिन्यात उभे राहून तिची वाट पाहिली. मी तिथे काय केलं? मी आजींच्या हातातला रिसीव्हर काढून घेऊ लागलो, तर त्यांनी सोडला नाही.

“आता सोडा आजी, लोक आलेत,” मी म्हणालो.

“सवय आहे,” त्या म्हणाल्या, आणि मग सोडला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली आणि नीट झाली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं तर सांगता येत नव्हतं.

सोमवारी मला ऑफिसात एका लिफाफ्यात दोन पत्रं मिळाली. एकात सरकारी यंत्राचा गैरवापर का केला याची कारणं सात दिवसांत दाखवायची होती. दुसऱ्यात प्रसंगावधानाबद्दल कौतुक होतं. दोन्हींवर साहेबांचीच सही. साहेब म्हणाले, “दप्तर, पहिल्याचं उत्तर म्हणून दुसरं जोडून द्या. मी मान्य करतो.” भांडारपाल मात्र अडून बसला. यंत्र नेताना नादुरुस्त होतं, परत आलं ते चालू. चालू होऊन परत येण्यासाठी अर्जात रकानाच नव्हता. शेवटी हवालदारांनी पुरावा म्हणून ते चौकीत नेलं आणि सगळ्यांची सुटका केली. त्रेसष्ट घरांची माफी मागायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. निम्म्या लोकांनी पुन्हा फोन करायला सांगितलं. श्रुतिका स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद झाली. परीक्षकांचा शेरा होता, ‘विषय वास्तवाला सोडून आहे.’

आठवड्याने मी आणि बायको आजींना भेटायला गेलो. त्या वॉर्डात खिडकीजवळ होत्या, केस नीट विंचरलेले. बोलता बोलता कळलं की त्यांनी अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलं होतं. मी माफी मागितली. म्हणालो, “तुम्ही तशा अवस्थेत असताना माझ्या यंत्राने तुम्हाला ‘मदत येणार नाही’ म्हणून सांगितलं. मला झोप लागत नाही.”

“छे हो,” त्या म्हणाल्या. “पाच तास कुणाचा आवाज नव्हता. घंटा वाजली, एवढं मला पुरे होतं. काय बोलली ते कोण ऐकतंय!”

लेखक म्हणून हे लागायला हवं होतं. पण लागलं नाही. मी त्यांचे आभार मानायला लागलो, म्हणजे त्यांनी उत्तर दिलं म्हणून, लाइन सोडली नाही म्हणून. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“आभार राहू देत. तुम्ही पाणीपुरवठ्यातले ना? मग सांगा, माझ्या नळाचं काय? महिनोन्महिने ठिबकतोय. त्याच पाण्यावरून पाय घसरला. तीन अर्ज दिले मी.”

घराच्या आतला नळ ही ग्राहकाची जबाबदारी असते. नियम चौदा, पोटनियम दोन. तो माझ्या ओठांवर आला होता. पण ते तीन अर्ज मला आठवले. मीच ते तारखेप्रमाणे लावून, लाल फीत बांधून, कपाटात नीट ठेवले होते. बायको माझ्याकडे पाहत होती. मी नियम गिळला आणि आजींकडून घराची किल्ली मागून घेतली.

त्याच दुपारी मी लोखंडी सामानाच्या दुकानातून पाना आणि रबरी वॉशर घेतला. अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्यात असून मी नळाला हात लावला तो प्रथमच. खालचा कॉक बंद करायचा असतो, हे मला नळाचं डोकं हातात आल्यावर कळलं. शर्ट, चष्मा, भिंत, छत, सगळं भिजलं. बायकोने कॉक शोधून बंद केला आणि पदराने माझा चष्मा पुसला. जुना वॉशर चामड्याच्या तुकड्यासारखा झिजून गेला होता. नवा बसवला, पाना आवळला, कॉक उघडला. आम्ही दोघं नळाकडे बघत उभे राहिलो. एक थेंब तोंडाशी आला, लोंबला आणि तिथेच राहिला. मग तोही वाळला.

मी फरशी कोरडी केली. मग भिंतीवरच्या फोनवरून वॉर्डात फोन लावला. नर्सने आजींना चाकांच्या खुर्चीतून टेबलापाशी आणलं.

“थांबला,” मी सांगितलं.

“ऐकू द्या,” त्या म्हणाल्या.

मी रिसीव्हरची गुंडाळी वायर ताणून नळापर्यंत नेली आणि त्याच्या तोंडाशी धरून उभा राहिलो. स्वयंपाकघरात काहीच वाजत नव्हतं. बायकोही श्वास रोखून उभी होती. बराच वेळ गेला. मी रिसीव्हर कानाला लावला.

“आजी, आहात ना?”

“आहे,” त्या म्हणाल्या. “बोलू नका जरा. ऐकतेय.”

मी पुन्हा रिसीव्हर नळापाशी धरला.